कुत्र्याच्या फ्लूची लस: मालकांना कसं पटवावं?

पट्टा_आणि_वाडगा

नमस्कार मंडळी. बोर्डिंग आणि डे-केअरला येणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांसाठी फ्लूच्या लसीची एक पानभर माहिती तयार करतोय. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो यांबद्दल कुणी हुज्जत घालत नाही, लसीकरणाची वही उघडून दाखवतात. फ्लूचं नाव काढलं की मात्र ठरलेली उत्तरं येतात:

"केनेल कफची लस दिलीय की. तीच ना ही?"
"सर्दी-खोकलाच तो, आठवड्यात बरा होईल."
"आमचा घरातच असतो, वर्षातून दोनदा तर येतो तुमच्याकडे."
"सक्तीची नाही ना? मग राहू दे."
"लस घेऊनही फ्लू होतोच म्हणतात, मग कशाला टोचायचं?"

शेवटच्या प्रश्नावर आमची बाजू सगळ्यात लंगडी पडते, कारण त्यात तथ्य आहे. तर विचारायचं असं, की या पाच आक्षेपांना नेमकं आणि खरं उत्तर काय द्यावं? डोसचं वेळापत्रक मालकाला एका वाक्यात कसं सांगावं? आणि लस न घेता आलेल्या कुत्र्याबाबत नियम काय असावा? घाबरवणारा मजकूर नको आहे. घाबरलेला मालक एकदा ऐकतो आणि पुढच्या वर्षी बूस्टरला येत नाही.

---

श्वानवैद्यक

शेवटच्या आक्षेपापासूनच सुरुवात करा, कारण तो सोडवला की बाकीचे निम्मे आपोआप सुटतात.

फ्लूची लस संसर्ग शंभर टक्के अडवत नाही. हे पानावर पहिल्याच परिच्छेदात लिहा. ती तीन गोष्टी करते: आजाराची तीव्रता कमी करते, खोकल्याचे दिवस कमी करते, आणि कुत्र्याच्या नाकातोंडातून बाहेर पडणारा विषाणू कमी करते. तिसरी गोष्ट बोर्डिंगच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच सांगायची राहून जाते. एका खोलीत वीस कुत्री असतील तर एकाने किती विषाणू उधळला यावर बाकी एकोणिसांचं ठरतं. "लस घेतली की फ्लू होणार नाही" असं सांगून लस टोचून घेतलेल्या मालकाचं कुत्रं दोन दिवस जरी खोकलं, तरी तो पुन्हा तुमचं ऐकणार नाही, आणि त्याची चूक म्हणता येणार नाही.

आता केनेल कफ. केनेल कफ हे एका जंतूचं नाव नाही. एकमेकांसारखी लक्षणं देणाऱ्या अनेक संसर्गांना मिळून ते नाव पडलं आहे. त्या नावाने दिली जाणारी लस बोर्डेटेला या जिवाणूवर असते, बहुतेकदा पॅराइन्फ्लुएन्झा विषाणूवरही. घोळ होतो तो इथेच. वहीत "पॅराइन्फ्लुएन्झा" दिसलं की मालक समजतात फ्लूची झाली. पॅराइन्फ्लुएन्झा आणि इन्फ्लुएन्झा (म्हणजे फ्लू) हे दोन वेगवेगळ्या कुळांतले विषाणू आहेत, एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही. वही तपासणाऱ्या माणसाला हा फरक शिकवून ठेवा.

कुत्र्यांच्या फ्लूचे दोन प्रकार आहेत. एच३एन८ हा घोड्यांकडून आला. घोड्यांमध्ये तो चाळीसहून अधिक वर्षं फिरत होता, आणि जानेवारी २००४ मध्ये फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये सापडला. एच३एन२ पक्ष्यांकडून आला. २००६-०७च्या सुमारास तो कोरिया आणि चीनमधल्या कुत्र्यांत दिसू लागला, २०१५ मध्ये शिकागो परिसरात पोचला आणि तिथे हजाराहून अधिक कुत्री आजारी पडली. एका प्रकारची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर भरवशाने चालत नाही, म्हणून लस दोन्ही प्रकारांवरची, म्हणजे द्विसंयोजी घ्यावी. वहीत नुसतं "फ्लू" लिहून भागत नाही, बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं हवं.

"सर्दीच ती" याला उत्तर: बहुतेक कुत्र्यांच्या बाबतीत हे खरं आहे, फक्त "आठवड्यात" हा शब्द चुकीचा. खोकला दोन ते तीन आठवडे चालतो. आधी ओला किंवा कोरडा ठसका, नाक गळणं, शिंका, मलूलपणा, अन्नावरची वासना जाणं. काहींमध्ये पुढे ताप १०४ ते १०६ फॅरनहाइटपर्यंत चढतो आणि न्यूमोनिया होतो. कारण विषाणू श्वासनलिकेचं अस्तर खरवडून टाकतो आणि त्या उघड्या जागेत जिवाणू शिरतात. निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमानच १०१ ते १०२.५ असतं हेही पानावर लिहा, नाहीतर माणसाच्या हिशेबाने १०१ला घाबरतील. मृत्यूचं प्रमाण १० टक्क्यांहून कमी आहे. २००४च्या त्या पहिल्या उद्रेकात २२पैकी ८ ग्रेहाउंड दगावले होते, पण तो आकडा पानावर घालू नका. तो एका शर्यतीच्या तळावरचा आहे, घरातल्या कुत्र्याला तो लावणं बरोबर होणार नाही.

---

रोजचा_फेरफटका

चांगली माहिती. वेळापत्रकाचं मात्र सोपं ठेवा. मालकांना सांगायचं, बोर्डिंगच्या आधीच्या आठवड्यात एक इंजेक्शन देऊन या. केनेल कफच्या बाबतीत तसंच सांगतात ना? दोन-दोन फेऱ्या म्हटलं की लोक टाळतात.

आणि एक शंका. रेबीजची लसही मेलेल्या विषाणूचीच असते. ती पहिल्या वेळी एकच डोस देतात. मग हिलाच दोन का?

---

श्वानवैद्यक

एक आठवडा आधी एक डोस, हे कृपया पानावर जाऊ देऊ नका. तेवढ्यात काहीच संरक्षण मिळत नाही, आणि मालकाला मात्र वाटतं की मिळालं.

हा समज येतो कुठून, तेही सांगतो. बोर्डेटेलाची नाकात सोडायची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूची असते आणि नाकाच्या अस्तरातच काम करते, त्यामुळे साधारण ३ ते ५ दिवसांत तिचा परिणाम सुरू होतो. फ्लूची लस निष्क्रिय, म्हणजे मेलेल्या विषाणूची आणि कातडीखाली टोचायची. पहिला डोस शरीराला विषाणूची ओळख करून देतो, कामापुरती प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं) दुसऱ्या डोसनंतर वाढतात. रेबीजची शंका रास्त आहे. रेबीजच्या लसीतला प्रतिजन (विषाणूचा जो भाग शरीर ओळखतं तो) इतका प्रभावी असतो, की एकाच डोसला शरीर भक्कम उत्तर देतं. निष्क्रिय लसींमध्ये तो अपवाद आहे. लेप्टोस्पायरा या जिवाणूवरच्या लसीचेही सुरुवातीला दोनच डोस लागतात, ते मालकांच्या ओळखीचं उदाहरण आहे, ते द्या.

वेळापत्रक असं:

पहिला डोस वयाच्या ७-८ आठवड्यांनंतर कधीही. कोणत्या वयापासून ते उत्पादनानुसार थोडं बदलतं, लेबल पाहावं. दुसरा डोस २ ते ४ आठवड्यांनी, सहसा ३ आठवड्यांनी. दुसऱ्या डोसनंतर २ आठवडे थांबायचं. पुढे दर वर्षी एक बूस्टर. कुत्रं पगएवढं असो की ग्रेट डेनएवढं, डोसचं माप तेच. "छोटा आहे, अर्धंच द्या" असं सांगणारे मालक भेटतात. अर्ध्या डोसने लस निकामी होते, दुष्परिणाम मात्र निम्मे होत नाहीत.

मालकाला एका वाक्यात: "बोर्डिंगच्या तारखेपासून पाच आठवडे मागे मोजा, तो पहिल्या डोसचा शेवटचा दिवस." तीन आठवड्यांचं अंतर आणि वरचे दोन आठवडे, मिळून ३५ दिवस.

दुसरा डोस चुकला आणि मध्ये ६ आठवड्यांहून जास्त गेले, तर पहिल्यापासून दोन डोस. वार्षिक बूस्टर बराच लांबला असेल तरी पुन्हा दोन द्यायचे का, हे त्या त्या पशुवैद्याला ठरवू द्या.

ताप असलेल्या किंवा आधीच खोकणाऱ्या कुत्र्याला टोचू नये. आधी बरं होऊ द्यावं. टोचल्यावर एक-दोन दिवस मलूलपणा, टोचल्या जागी छोटी गाठ, हे नेहमीचं. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, लागोपाठ उलट्या, धाप, कोसळणं ही खरी ॲलर्जी, ती क्वचित होते आणि बहुधा पहिल्या काही मिनिटांत किंवा तासांत. म्हणून दवाखान्यात अर्धा तास थांबावं आणि लस सकाळी घ्यावी, म्हणजे काही झालं तर दिवसभर डॉक्टर हाताशी असतात. आधी कोणत्याही लसीनंतर असं झालं असेल तर ते टोचण्याआधी सांगणं मालकाचं काम, तुमच्या अर्जात त्यासाठी एक ओळ ठेवा.

---

निवारा_व्यवस्था

"घरातच असतो" आणि "सक्तीची नाही" यांबद्दल लिहिते.

ही लस प्रत्येक कुत्र्याला हवीच अशा यादीत नाही, हे मान्य करूनच बोलावं. ती राहणीनुसार द्यायची लस आहे. म्हणून "घ्या" म्हणण्याआधी प्रश्न विचारा: ग्रूमिंगला जातं का? डे-केअर, प्रशिक्षण वर्ग, श्वानप्रदर्शन, कुत्र्यांची बाग? घरात नुकतंच दत्तक आलेलं दुसरं कुत्रं आहे का? दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात इतर कुत्र्यांशेजारी बसतं का? एकाला जरी "हो" आलं तर ते कुत्रं घरातलं राहिलं नाही. बहुतेक मालक तिसऱ्या प्रश्नापर्यंत स्वतःच म्हणतात, "अहो, जातं की." तुम्ही सांगितलेल्यापेक्षा त्यांनी स्वतः मोजलेलं जास्त टिकतं. आणि सगळ्याच प्रश्नांना प्रामाणिक "नाही" आलं, तर त्या कुत्र्याला लस नसली तरी चालेल असं स्पष्ट सांगा. पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला वजन येईल.

वर्षातून दोनदाच येतो म्हणणाऱ्यांना संसर्गाची रीत सांगा. भुंकण्या-खोकण्यातून उडणारे थेंब ६ मीटरपर्यंत जाऊ शकतात. विषाणू कठीण पृष्ठभागावर ४८ तास, कपड्यांवर २४ तास आणि हातांवर १२ तासांपर्यंत टिकू शकतो. म्हणजे वाडगा, पट्टा, दाराची कडी, सांभाळणाऱ्याचा ॲप्रन, सगळं आलं. कुत्र्यांना या विषाणूची आधीची ओळख नसल्यामुळे वय, जात काही आड येत नाही, संपर्क आलेली जवळजवळ सगळी बाधित होतात. त्यांत अंदाजे पाचातलं एक लक्षणंच दाखवत नाही, पण विषाणू सोडत राहतं. दारात तब्येत तपासून फ्लू अडवता येत नाही तो यामुळे. शिवाय या फ्लूला ऋतू नसतो, "हिवाळ्यात बघू" हा हिशेब इथे लागू नाही.

कुणावर जास्त भर द्यायचा? पग, बुलडॉग, शिह त्झू अशी चपट्या नाकाची कुत्री, कारण त्यांचा श्वासमार्ग मुळातच अरुंद. म्हातारी कुत्री, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेली, गाभण कुत्री असलेल्या घरातली इतर कुत्री. घरात मांजर असेल तर तेही विचारा. एच३एन२ मांजरांनाही होतो, २०१६ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एका निवाऱ्यातल्या मांजरांमध्ये तो सापडला होता, आणि मांजरांसाठी ही लस नाही. माणसाला कुत्र्याचा फ्लू झाल्याची नोंद नाही, त्यामुळे "मुलांना होईल" अशी भीती कुणी घालत असेल तर ती थांबवा.

मजकुराचा एक नमुना देते, हवा तसा बदला:

"आमच्याकडे तुमचं कुत्रं इतर कुत्र्यांच्या श्वासाच्या अंतरात राहतं. फ्लूची लस त्याला कधीच फ्लू होणार नाही अशी हमी देत नाही. झालाच तर तो हलका जावा आणि त्याच्यापासून इतरांना कमी व्हावा, यासाठी ती आहे. दोन डोस लागतात. येण्याच्या पाच आठवडे आधी पहिला डोस द्या. केनेल कफची लस ही वेगळी लस आहे. आपल्या कुत्र्याला ही लस योग्य आहे का, हे पशुवैद्याला विचारा आणि दोन्ही तारखा व लेबल असलेलं पान आम्हाला पाठवा."

इतकं पुरे. याला आकड्यांची माळ लावू नका.

नियमाबद्दल: पहिल्या दिवसापासून "लस नाही तर प्रवेश नाही" केलं तर लोक एक डोस घेऊन येतात आणि अडून बसतात. तीन महिन्यांची मुदत जाहीर करा, आरक्षण घेतानाच (येण्याच्या दिवशी नव्हे) वही मागा, आणि दुसऱ्या डोसच्या तारखेला आठवणीचा संदेश पाठवा. गळती होते ती दुसऱ्या डोसला, पहिल्याला फारशी नाही. म्हणून सगळा जोर तिथे लावा. आणि ही लस सगळ्या देशांत विक्रीला नसते. तुमच्याकडच्या पशुवैद्यांना ती नियमित मिळते याची खात्री झाल्याशिवाय नियम करू नका. माणसाची किंवा घोड्याची फ्लूची लस हा पर्याय नाही.

---

पट्टा_आणि_वाडगा

पाच आठवड्यांचं वाक्य आणि प्रश्नांची यादी दोन्ही तशीच घेतो, मनापासून आभार. दोन गोष्टी अजून. दोन्ही डोस झालेलं कुत्रं आमच्याकडे असताना खोकू लागलं तर करायचं काय? आणि त्याची तपासणी केली तर लसीमुळेच चाचणी पॉझिटिव्ह येईल, असं एक मालक म्हणत होते. ते खरं आहे का?

---

श्वानवैद्यक

अर्धं खरं. लसीमुळे रक्तातली प्रतिपिंडं वाढतात, म्हणून प्रतिपिंडांच्या चाचणीतून "हे लसीचं की आजाराचं" ते उमगत नाही. पण नाका-घशातल्या स्वॅबची पीसीआर चाचणी विषाणूचा अंश शोधते, आणि फ्लूची लस निष्क्रिय, तीही टोचलेली, त्यामुळे पीसीआर तिच्याने पॉझिटिव्ह येत नाही. नाकात दिलेली बोर्डेटेला-पॅराइन्फ्लुएन्झाची लस मात्र जिवंत असते, ती त्या त्या जंतूंसाठी काही काळ पॉझिटिव्ह दाखवू शकते. म्हणून नमुना पाठवताना कोणती लस कधी दिली ते सोबत लिहावं. स्वॅब लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ३-४ दिवसांत घ्यावा. विषाणू सगळ्यात जास्त सुटतो तो सुरुवातीलाच, कधीकधी खोकला सुरू होण्याच्याही आधी. दहाव्या दिवशी घेतलेला नमुना निगेटिव्ह आला म्हणून फ्लू नव्हता असं म्हणता येत नाही.

खोकला दिसला की लस झालेली असो वा नसो, पावलं तीच. कुत्रं लगेच वेगळ्या खोलीत, जमल्यास वेगळ्या हवेच्या खोलीत. त्याचे वाडगे, अंथरूण, पट्टा वेगळा. त्याची सेवा सगळ्यात शेवटी करायची, ॲप्रन तिथेच काढायचा, हात साबणाने धुवायचे. त्याच्या गटातली सगळी कुत्री "संपर्कातली" धरून त्यांना नव्या कुत्र्यांत मिसळू द्यायचं नाही, आणि त्यांच्या मालकांना त्याच दिवशी कळवायचं. लपवलं तर पुढची सगळी लसीकरणाची मोहीम वाया जाते. दवाखान्यात न्यायचं तर आधी फोन करून, आणि बोलावेपर्यंत गाडीतच थांबायचं.

विलगीकरणाचे दिवस प्रकारावर अवलंबून. एच३एन८मध्ये विषाणू साधारण ७ ते १० दिवस सुटतो. एच३एन२मध्ये तो तीन आठवड्यांहून अधिक, थांबून थांबून सुटत राहतो. म्हणून प्रकार माहीत नसेल तर एच३एन२ धरून चार आठवडे. खोकला थांबला म्हणजे मोकळं झालं, असं समजून दोन आठवड्यांत परत आणलेलं कुत्रं हीच या आजारातली नेहमीची चूक. फ्लूचा खर्च आणि त्रास सांगताना हे चार आठवडे मालकांसमोर ठेवा. डे-केअर बंद, फिरणं वेगळं, घरातलं दुसरं कुत्रंही अडकलेलं. बऱ्याच जणांना न्यूमोनियापेक्षा हे जास्त जवळचं वाटतं.

मालकाने स्वतःहून औषध देऊ नये, हे ठळक लिहा. माणसांचं खोकल्याचं औषध, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांनी कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत, दुय्यम जिवाणू संसर्ग दिसला तरच पशुवैद्य ती देतात. श्वास जोरजोरात, पोट आत ओढून घेतला जात असेल, हिरड्या निळसर किंवा फिकट दिसत असतील, दिवसभर काही खाल्लं नसेल, तर वाट न पाहता दवाखाना.

---

निवारा_व्यवस्था

सफाईचं राहिलं. हा विषाणू साध्या जंतुनाशकांनीही मरतो, पण घाणीवर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं. आधी साबणाने घासून, पाण्याने धुऊन मग ब्लीच: ५ टक्क्यांच्या एका भाग ब्लीचला ३० भाग पाणी, १० मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग धुऊन वाळवायचं. लघवीवर थेट ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिळून घातक वायू सुटतो, बंद खोलीत कुत्र्यालाही आणि माणसालाही त्रास होतो. द्रावण रोजचं रोज बनवा, कालचं अशक्त झालेलं असतं. वाडगे आणि कपडे गरम पाणी-साबणाने धुऊन पूर्ण वाळवले की पुरे.

आणि तुमच्या अर्जात "फ्लूची लस: हो / नाही" असा रकाना असेल तर तो काढा. त्याजागी चार रकाने ठेवा: लसीतले प्रकार, पहिल्या डोसची तारीख, दुसऱ्या डोसची तारीख, पुढच्या बूस्टरची तारीख. "हो" लिहिणारे बरेच जण दुसऱ्या रकान्याशी अडखळतात, आणि तिथूनच त्यांच्याशी बोलणं सुरू करता येतं.